दॉम माबियों यांस, जुने कागद वाचणाऱ्यांकडून

आदरणीय दॉम झाँ माबियों यांस,

कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आम्ही मोडी कागद, सनदा, महजर (गोतसभेचे निवाडे) आणि ताम्रपट वाचणारी माणसं. आमच्यापुढे रुमालात बांधलेले कागद असतात, फ्रान्सच्या मठात आपल्यापुढे लॅटिनमधली चर्मपत्रं होती. तरी ‘अस्सल की बनावट’ असा प्रश्न उभा राहिला की आमचे हात ज्या क्रमाने चालतात, तो क्रम आपण १६८१ साली छापून ठेवला आहे. इतिहास शिकणाऱ्या आमच्याकडच्या मुलांच्या कानावर आपलं नाव क्वचितच पडतं. म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत. आभार कशाबद्दल, हे वाचणाऱ्यालाही नेमकं कळावं.

आपला जन्म २३ नोव्हेंबर १६३२चा, शांपान्यमधल्या सां-पिएरमाँ या खेड्यातला. शिक्षण रँसला, आणि तिथल्याच सां-रेमी मठात आपण बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती संघाचे मठवासी झालात. तब्येत साथ देईना, डोकेदुखी पाठ सोडीना, म्हणून एका मठातून दुसऱ्या मठात पाठवणी होत राहिली. १६६४ साली पॅरिसच्या सां-जेर्मां-दे-प्रे मठात ग्रंथपाल ल्यूक दाशेरी यांच्या हाताखाली आलात आणि पुढची त्रेचाळीस वर्षं तेच घर झालं. बाकी चरित्र इथे लांबवत नाही, कारण आमच्या कामाची गोष्ट १६७५ साली सुरू होते.

त्या वर्षी अँटवर्पचे, जेझुइट या दुसऱ्या ख्रिस्ती संघाचे विद्वान दानिएल पापेब्रोख यांनी एक निबंध छापला. संतचरित्रांची छाननी करताना ७व्या शतकातल्या फ्रँक राजा दागोबेरच्या नावाची एक सनद त्यांच्या हाती आली होती आणि ती खोटी निघाली होती. इथवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण मोजक्या नमुन्यांवरून त्यांनी नियमच बांधला की सनद जितक्या जुन्या काळची म्हणवते, तितका तिच्यावर विश्वास कमी ठेवावा. या नियमाने सां-दनीसारख्या मठांची सगळी जुनी दफ्तरं एका फटक्यात संशयात आली. आणि मठांच्या जमिनी, माफ्या, हक्क त्याच कागदांवर उभे होते.

आपल्या संघाला उत्तर हवं होतं. आपण लगेच खंडन लिहून मोकळे झाला नाहीत. सहा वर्षं घेतलीत, दफ्तरं उघडून अस्सल सनदा शेकड्यांनी पाहिल्यात आणि ‘दे रे दिप्लोमातिका’ हा सहा भागांचा ग्रंथ सिद्ध केलात. सनदांचे प्रकार, त्या कशावर लिहीत आणि कोणत्या लिपीत, हे पहिल्या भागात. भाषा, मायना, सह्या, मुद्रा आणि तारखा दुसऱ्यात. आक्षेपांना उत्तरं तिसऱ्यात. सनदा जिथून सुटत त्या राजवाड्यांची माहिती चौथ्यात, आणि हा भाग आपले सहकारी मिशेल जेर्मां यांनी लिहिला. पाचव्या भागात लिप्यांचे नमुने ताम्रपत्र्यावर कोरून छापलेले, सहाव्यात मूळ सनदांचे पाठ. आम्हाला सर्वांत मोलाचा पाचवा भाग वाटतो. ‘मी म्हणतो म्हणून हे मेरोविंजियन (फ्रँकांच्या पहिल्या राजघराण्याच्या काळचं) अक्षर’ असं न सांगता आपण ते अक्षर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवलंत. ज्याला पटणार नाही, त्याने आपली सनद शेजारी धरून ताडून पाहावी.

पापेब्रोखही मोठ्या मनाचे. आपला ग्रंथ वाचून त्यांनी पत्र लिहिलं की आधी थोडं दुखलं, पण मी लिहिलं म्हणून असा ग्रंथ जन्मला याचंच आता समाधान आहे, आणि मी पूर्णपणे तुमच्या मताचा झालो आहे असं आपण खुशाल जाहीर सांगा. वादाचा असा शेवट आमच्या क्षेत्रात फार कमी वेळा पाहायला मिळतो, म्हणून त्यांचेही आभार याच पत्रात.

आता मुख्य गोष्ट. आपण सांगितलंत की जुन्या सनदेचा निकाल नुसत्या लिपीवरून देऊ नये, कोणत्याही एका खुणेवरून देऊ नये, सगळ्या खुणा एकत्र पाहून द्यावा. ऐकायला साधं वाटतं. पण घाईत असलेला माणूस नेमका एकच खूण पकडून बसतो, आणि ती खूण त्याला दोन्ही बाजूंनी फसवते.

आधी कागदच घ्या, म्हणजे ज्यावर लिहिलं आहे तो पदार्थ. मेरोविंजियन राजांची कचेरी ७व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पपायरसवर लिहीत असे, मग चर्मपत्रावर लिहू लागली. तेव्हा ७व्या शतकाच्या सुरुवातीची राजसनद चर्मपत्रावर दिसली, तर ती मूळ प्रत नव्हे. फार तर मागाहून केलेली नक्कल असेल, आणि नक्कल म्हणजे बनावट नव्हे. हा फरक विसरला की चांगले कागद केराच्या टोपलीत जातात. उलट बाजूही तितकीच खरी आहे. सां-दनीच्याच मठात ११व्या शतकात कोणीतरी जुने अस्सल पपायरस उलटे करून त्यांच्या कोऱ्या पाठीवर नव्या बनावट सनदा लिहिल्या. पपायरस खरा, वय खरं, मजकूर खोटा. नुसता पदार्थ तपासून थांबणारा तिथे हमखास फसणार. त्या बनावटीमुळेच पलीकडच्या बाजूचा अस्सल मजकूर जपला गेला, हे मात्र नशीब.

लिपीचंही असंच. मेरोविंजियन कचेरीचं अक्षर उंच, चिंचोळं, एकमेकांत अडकलेलं, पहिली ओळ तर ताणून काढलेली. ८व्या शतकाच्या अखेरीस, आधी ग्रंथांत, गोल, सुटं कॅरोलिंजियन (पुढच्या राजघराण्याच्या काळचं) वळण येतं. जुनं वळण गिरवून काढणारा पहिल्या दोन ओळींत सावध असतो, पुढे पुढे त्याचा स्वतःचा हात डोकावतो. म्हणून वळण पाहायचं ते सुरुवातीला नव्हे, शेवटच्या तिसऱ्या हिश्शात. त्यातही जिथे जागा कमी पडली असेल आणि लिहिणारा घाईला आला असेल, त्या ओळी. मोडीतही हे तंतोतंत लागू पडतं. शिवकालीन वळणाची नक्कल करणाऱ्याला ठळक अक्षरं जमतात. पण शब्द जोडताना, हात न उचलता पुढच्या अक्षरात जाताना, पेशवेकालीन सवय बाहेर येते. बोरूची जाडी-बारीकी टाकाच्या रेघेत उतरत नाही, हे तर भिंगाखाली लगेच दिसतं.

मुद्रा जवळून पाहायला आपणच शिकवलंत. मेरोविंजियन सनदेला मुद्रा दोरीने लोंबत नसे. चर्मपत्राला फुलीच्या आकाराची चीर देत, चिरेची चार टोकं उघडून मेण आरपार दाबत, पुढच्या बाजूवर अंगठीचा ठसा उठवत आणि मागचं मेण चपटं करत. मुद्रा गळून पडली तरी ती चीर राहते, आणि चिरेच्या कडेला मेणाचा डाग. फ्रान्सच्या राजांच्या सनदांना लोंबती मुद्रा १२व्या शतकात रुळली. म्हणून दागोबेरच्या नावाच्या सनदेखाली रेशमी दोरीला मुद्रा लटकत असेल, तर पुढचं वाचण्याआधीच थांबावं. आणि मुद्रा अस्सल असली तरी ती याच कागदाची आहे का, हे पाहावं. दुसऱ्या सनदेची मुद्रा गरम पात्याने उभी चिरून, नव्या दोरीवर पुन्हा चिकटवण्याची युक्ती जुनी आहे. कडेने भिंग फिरवलं तर सांध्यावर मेणाचा रंग बदललेला आढळतो.

पण आमच्यासाठी सर्वांत मोठी शिकवण तारखांची, आणि इथे जरा थांबतो.

फ्रँक राजांच्या सनदांत राज्यारोहणापासूनचं वर्ष असे. ख्रिस्तजन्मापासून मोजलेलं साल त्या कचेरीत ९व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रुळलेलं नव्हतं. त्याशिवाय जुन्या युरोपीय कागदांत ‘इंडिक्शन’ नावाचा पंधरा वर्षांचा फेरा येतो. हिशेब असा: ख्रिस्ती सालात ३ मिळवा, १५ ने भागा, बाकी उरेल ते इंडिक्शन, बाकी शून्य असेल तर १५. आपल्या ग्रंथाच्या १६८१ या सालाला हे लावलं तर १६८४ भागिले १५, बाकी ४. कागदात साल एक आणि इंडिक्शन भलतंच असेल, तर शंकेला जागा आहे. पण शंकाच, निकाल नाही. कारण हा फेरा कुठे १ सप्टेंबरला बदले, कुठे २४ सप्टेंबरला, कुठे नाताळात किंवा १ जानेवारीला. सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या तारखेत एकाचा फरक निघाला, तर आधी ती कचेरी कोणता फेरा वापरत होती ते शोधायचं.

वर्षारंभाचा घोळ याहून वाईट. फ्लॉरेन्सचं वर्ष २५ मार्चला उजाडे. फ्रान्सच्या राजकचेरीत १६व्या शतकापर्यंत ते ईस्टरला बदले, आणि ईस्टर दरवर्षी सरकतो. राजा आठवा शार्ल ७ एप्रिल १४९८ रोजी वारला. त्या वर्षीचा ईस्टर १५ एप्रिलला होता, म्हणून त्या काळच्या कागदांत त्याचं मरण १४९७ सालचं लिहिलेलं सापडतं. हे माहीत नसलेला वाचक दोन कागद शेजारी ठेवतो आणि त्यातला एक खोटा ठरवतो. दोन्ही खरे असतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात काही परकं वाटणार नाही. आपल्याकडे इंडिक्शनच्या जागी साठ संवत्सरांचा फेरा आहे आणि गणित त्याच जातीचं: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तितकावा संवत्सर, प्रभवाला १ धरून. शके १५९६ला बाकी ४८ येते, अठ्ठेचाळिसावा आनंद, आणि राज्याभिषेकाचा संवत्सर आनंदच. मोडी पत्रांत शुहूर सन, म्हणजे मृग नक्षत्रापासून सुरू होणारं दफ्तरी वर्ष, अरबी शब्दांत येतो. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे ५, ७० आणि १०००, एकूण १०७५. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, म्हणजे हे १६७४-७५ झालं. इथली नेहमीची चूक म्हणजे ‘सबा’ आणि ‘सबैन’ यांची गल्लत. एक सात, दुसरा सत्तर. तशीच ‘तिसा’ आणि ‘तिसैन’ची. कागदाचा कोपरा फाटून शेवटचं अक्षर गेलं की वाचणारा जवळचा शब्द घालून मोकळा होतो आणि कागद साठ-ऐंशी वर्षांनी घसरतो.

शिवाय आमच्याकडे तिथीसोबत वार असतो, ही मोठी सोय. अंदाजाने तारीख घालणाऱ्याचा वार सातांतून सहा वेळा चुकतो. कोरीव लेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त बनावट कोरीव लेखांची यादी छापली. तिच्यामागच्या अक्षराचं वळण आणि तिथी-वार यांसारख्या कसोट्या आपल्याच घराण्यातल्या आहेत. तिथेही आपला इशारा लागू आहेच: अधिक महिना, क्षय तिथी, गत वर्ष की वर्तमान वर्ष (सरलेलं मोजलं की चालू), हे सगळं पाहिल्याशिवाय वार चुकला म्हणून ताम्रपट फेकून देऊ नये. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा १८९८ साली निघालेला पहिला खंड वाचतानाही आपली आठवण येते, ती मूळ कागद जसाच्या तसा छापून लोकांपुढे ठेवण्याच्या त्यांच्या आग्रहामुळे.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण आपल्याला खोटी स्तुती रुचली नसती. आपणही चुकलात. लिप्यांबद्दल आपला समज असा होता की गॉथिक, लोंबार्ड, सॅक्सन, मेरोविंजियन या वेगवेगळ्या जमातींच्या स्वतंत्र लिप्या. पुढे वेरोनाचे शिपिओने माफेई यांनी दाखवलं की या सगळ्या रोमन लिपीच्याच फांद्या. दुसरी चूक जास्त बोचणारी. फ्रान्समधल्या बुयों या सरदार घराण्याला आपली वंशावळ ओव्हेर्न्यच्या जुन्या काउंट घराण्याशी जोडायची होती. त्यासाठी पुढे आलेली जुनी पानं १६९५ साली एतिएन बालूझ, आपण आणि आपले शिष्य तिएरी रुइनार यांनी तपासून खरी ठरवलीत. काही वर्षांतच ती बनवणारा द बार पकडला गेला.

आम्ही नव्यांना शिकवताना हे प्रकरण मुद्दाम सांगतो. अंतर्गत खुणा तिघा मोठ्या जाणकारांच्या नजरेतून सुटू शकतात. म्हणून आमच्या तपासणीच्या तक्त्यात पहिले तीन प्रश्न कागदाबाहेरचे आहेत. हा आजवर कुठे होता? कोणी आणून दिला? खरा ठरला तर कोणाचं भलं होतं? वतनाच्या भांडणात ऐन वेळी सापडलेला महजर कितीही सुंदर असला, तरी या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत तो बाजूला ठेवायचा.

आपण शिक्षक म्हणून जे केलंत, त्याचे आभार वेगळे. ला त्रापचे मठाधिपती रांसे म्हणत की मठवासीयाने हाताने कष्ट करावेत, प्रार्थना करावी, विद्येच्या नादी लागू नये. त्यावर आपण १६९१ साली मठातल्या अभ्यासावर ग्रंथ लिहिलात. मठाला पुस्तकं का लागतात, नवशिक्याने काय आणि कोणत्या क्रमाने वाचावं, टिपणं कशी ठेवावी, सगळं त्यात आलं. रांसेंनी उत्तर दिलं, आपण प्रत्युत्तर दिलंत, आणि १६९३ साली स्वतः ला त्रापला जाऊन त्यांना भेटलात.

आपल्या हाताखाली तयार झालेले रुइनार यांनी आपलं चरित्र लिहिलं. आपल्याच मठातले बेर्नार द मोंफोकों यांनी १७०८ साली ग्रीक लिपीचं शास्त्र उभं केलं. इटलीच्या १६८५-८६च्या प्रवासातून आपण राजाच्या ग्रंथालयासाठी सुमारे तीन हजार ग्रंथ पाठवलेत. आणि १६९८ साली टोपणनावाने पत्र छापून विचारलंत की रोमच्या भुयारांतून काढलेल्या प्रत्येक हाडाला हुतात्म्याचं नाव कसं देता येईल? मठवासी असून हे विचारणं सोपं नव्हतं. रोममधून दडपण आलं आणि आपल्याला मजकूर बदलून पुन्हा छापावा लागला. पण कसोटी तीच होती, जी आपण सनदांना लावली होती. आपल्या घरच्या श्रद्धेला आपण वेगळं माप लावलं नाहीत.

२७ डिसेंबर १७०७ रोजी आपण गेलात. सां-जेर्मां-दे-प्रेच्या चर्चमध्ये मोंफोकों आणि तत्त्वज्ञ देकार्त यांच्या सोबतीला आपली समाधी आहे. जवळच्या मेट्रो स्टेशनला आपलं नाव आहे.

आमच्या जुन्या पत्रांत मजकूर संपला की खाली छोटी मुद्रा उठवत, तिला मोर्तब म्हणतात. शिवाजी महाराजांच्या त्या मुद्रेवर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं आहेत. पत्राची मर्यादा इथे संपली, याखाली कोणी काही वाढवू नये, हा तिचा अर्थ. ती बसायच्या आत शेवटचं लिहितो. या पत्राखाली तिथी, वार, शक आणि संवत्सर घातले आहेत. १९४७ मध्ये १२ मिळवून ६० ने भागल्यास बाकी ३९ येते, एकोणचाळिसावा विश्वावसु. वार पंचांगावरून ताडून घ्यावा. काही जमलं नाही, तर पत्र बनावट ठरवण्याआधी लिहिणाऱ्याच्या हातून चूक झाली आहे का, ते पाहावं.

बहुत काय लिहिणे? लोभ असावा, ही विनंती.

पौष शुद्ध ७, मंदवासर, शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे
इसवी सन २०२५, २७ डिसेंबर

लेखनसीमा.